कोड्यांचा आहेर

ऐंशी वर्षांच्या माणसाला वाढदिवसाला काय द्यायचं, हा प्रश्न बहुतेक मराठी घरांत शालीपाशी येऊन थांबतो. शाल कपाटात आधीच्या शालींवर जाऊन पडते, चांदीची वाटी लॉकरमध्ये जाते, आणि दिवा फुंकून विझवू नये असं लहानपणी शिकलेल्या आजी नातवंडांच्या हट्टाखातर केकवरच्या मेणबत्त्या फुंकतात. आपल्याकडे अशा टप्प्यांना नावं आहेत: साठीची शांत, पंचाहत्तरी, आणि सगळ्यांत देखणं नाव म्हणजे सहस्रचंद्रदर्शन. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. म्हणजे हजार पौर्णिमांना सुमारे २९,५३० दिवस, अर्थात ८० वर्षं आणि साधारण १० महिने. इतक्या सुंदर हिशेबाच्या दिवशी दुकानातून आणलेली वस्तू द्यावी, हे मला तरी जरा कमीच वाटतं.

जगात काही हौशी माणसं अशा वेळी घरीच रचलेली कोड्यांची शोधयात्रा भेट देतात. इंग्रजीत तिला ‘पझल हंट’ म्हणतात. शाळेच्या शिबिरात आपण खेळलो ती ट्रेझर हंट वेगळी. तिथे एक चिठ्ठी दुसऱ्या चिठ्ठीकडे पाठवते, पायऱ्यांखाली बघा, नळाशेजारी बघा, आणि खेळणाऱ्याचे पाय दमतात. पझल हंटमध्ये प्रत्येक कोड्याचं उत्तर हा एक शब्द असतो. ते सगळे शब्द गोळा झाले की त्यांच्यातच एक शेवटचं उत्तर लपलेलं आहे, हे ओळखायचं असतं. या शेवटच्या कोड्याला तिकडे ‘मेटा’ म्हणतात; आपण महाकोडं म्हणू. सगळा खेळ त्याच्यासाठी असतो, आणि रचणाराही तिथूनच उलटा निघतो: आधी शेवटचं उत्तर ठरवायचं, मग त्याला पुरवठा करणारे शब्द, आणि सगळ्यांत शेवटी एकेका शब्दाचं कोडं.

एका ठरावीक माणसासाठी कोडं रचून ते भेट देण्याची कल्पना जुनीच आहे. लुइस कॅरलनं ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’च्या शेवटी एक २१ ओळींची कविता घातली. तिच्या ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की ॲलिस प्लेझन्स लिडेल हे, ज्या मुलीला त्यानं ॲलिसची मूळ गोष्ट सांगितली तिचं पूर्ण नाव निघतं. याच गृहस्थानं १८७७ च्या नाताळात, काही उद्योग नसलेल्या दोन मुलींसाठी एक शब्दखेळ काढला. एका शब्दातलं एकेक अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत जायचं, मधला प्रत्येक शब्द खरा हवा. मराठीत तो छान जमतो: वजन, भजन, भवन, पवन. दोन वर्षांत तो लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये छापून येऊ लागला आणि वाचकांना त्याचं वेड लागलं.

न्यूयॉर्कमध्ये १९६८ च्या हॅलोविनच्या रात्री संगीतकार स्टीफन सोंडहाइम आणि ‘सायको’तला नट अँथनी पर्किन्स यांनी आपल्या मित्रमंडळींसाठी मॅनहॅटनभर एक शोध रचला. पाहुण्यांचे संघ मोटारींतून एका ठिकाणाहून दुसरीकडे हिंडत होते. त्या रात्रीचा अनुभव इतका रंगला की दोघांनी मिळून ‘द लास्ट ऑफ शीला’ या १९७३ च्या चित्रपटाची पटकथा लिहिली, आणि दिग्दर्शन केलं त्या शोधात स्वतः खेळलेल्या हर्बर्ट रॉसनं.

या प्रकाराची पंढरी मात्र अमेरिकेतली एमआयटी ही संस्था. १९८१ च्या जानेवारीत ब्रॅड शेफर या तिथल्या विद्यार्थ्यानं एका कागदावर मावतील एवढी कोडी लिहून वाटली. ती सोडवत गेलं की आवारात लपवलेलं एक जुनं अमेरिकन नाणं हाती लागायचं. आज तीच ‘मिस्टरी हंट’ दर जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या जोडून आलेल्या सुट्टीत होते, शंभराहून जास्त कोडी असतात, आणि संघ रात्रीचा दिवस करतात. बक्षीस अजूनही ‘नाणं’च. जिंकणाऱ्याला खरं काय मिळतं, तर पुढच्या वर्षीची सगळी कोडी रचण्याचं काम! वर्षभराची वेठबिगारी म्हणा हवं तर. तरीही संघ ती मिळवायला झगडतात.

घरच्या शोधयात्रेनं एमआयटीकडून रचना उचलावी, कठीणपणा नव्हे. २०१३ ची मिस्टरी हंट कोड्यांच्या संख्येनं आणि अवघडपणानं इतकी लांबली की शुक्रवारी सुरू झालेला खेळ सोमवारी संपला, सत्तर तासांहून जास्त चालला. तिथे जमलेले लोक निदान त्यासाठीच आलेले होते. आजींच्या दिवाणखान्यात माणसं जेवणासाठी थांबलेली असतात. वाढदिवसाच्या कोड्याचा एकच निकष मला पटतो: ते जगात कुणालाही अवघड वाटलं तरी चालेल, पण जिचा वाढदिवस आहे तिला सुटलं पाहिजे. कुलूप कुणालाही दिसावं, किल्ली तिच्या आठवणीत असावी.

ही किल्ली आयुष्याच्या कोणत्या काळात शोधायची, याचं उत्तर मानसशास्त्रात मिळतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात, असं १९८० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आलेख काढला की त्या वयाशी टेकाड उभं राहतं. पहिली नोकरी, लग्न, नवं गाव, पहिलं मूल असे सगळे ‘पहिले’ प्रसंग तिथे दाटलेले असतात, हे त्याचं एक कारण मानतात. १९४५ मध्ये जन्मलेल्या बाईसाठी हा काळ १९५५ ते १९७५ असा पडतो. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले तेव्हा ती शाळकरी होती. आण्याचे सहा नये पैसे आणि तीन आण्यांचे एकोणीस, असला तिरपागडा हिशेब तिनं दुकानात उभं राहून केला आहे. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा ती पंधराच्या आसपास होती आणि डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा बावीसच्या. नातवंडं कोडी रचायला बसली की हमखास गेल्या दहा वर्षांतलं घालतात: सिंगापूरची सहल, नवा फ्लॅट, कुत्र्याचं नाव. ती त्यांची आठवण झाली. आजींचं टेकाड पन्नास वर्षांपूर्वीच संपलेलं असतं.

एक शोधयात्रा रचूनच बघू. समजा आजी १९४५ च्या, माहेर बार्शी, सासर पेण. तरुणपणी भजनात बाजाची पेटी वाजवायच्या. पेटीचा भाता फाटला, पट्ट्या बसल्या, आणि ती माळ्यावर गेली ती तिथेच राहिली. मुलांनी ती गुपचूप काढून दुरुस्त करून आणली आहे. भेट ठरली, आणि शेवटचं उत्तरही ठरलं: बाजाची पेटी. बा, जा, ची, पे, टी. पाच अक्षरं, म्हणजे पाच कोडी. एका संध्याकाळला एवढी भरपूर होतात.

इथे मराठीची अंगची काही वैशिष्ट्यं आडवी येतात आणि काही मदतीला धावतात. इंग्रजीत सव्वीस सुटी अक्षरं, प्रत्येक अक्षराला क्रमांक, त्यामुळे तिकडच्या कोडेकारांचं बरंचसं काम आयतं होतं. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट अक्षर हा एकक धरावा लागतो. वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात एका चौकोनात ‘र्शी’ अख्खं बसतं, तसं. मग पहिल्या अक्षरांवरून उत्तर काढायचं म्हटलं, की शेवटच्या उत्तरात ‘ळ’ किंवा ‘ण’ असून चालत नाही, कारण या अक्षरांनी मराठीत शब्द सुरू होत नाहीत. ‘माळ्यावर’ हे उत्तर त्यामुळेच बाद. ‘देवघर’ चालेल, पण ‘दे’ आणि ‘व’ मिळताक्षणी घरातलं शेंबडं पोरही उठून धावेल. ह्रस्व-दीर्घाचा घोळ निराळाच. ‘टी’साठी टीपकागद घ्यावासा वाटतो, जुन्या पिढीचा शाईशी संबंध आलेला असतो, पण घरातल्या कुणी ‘टिपकागद’ लिहिलं की पेटीची पेटि होते आणि वाद शुद्धलेखनाकडे वळतो. ज्या शब्दाच्या लेखनाबद्दल दोन मतं आहेत तो शब्द कोड्यात घालूच नये.

पहिला शब्द बार्शी. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं ती ‘बार्शी लाइट रेल्वे’ उभारली, आणि पुढे ती एकीकडे लातूरला तर दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेला पोचली. आता तो मार्ग रुंद झाला आहे. लिफाफ्यात त्या मार्गावरच्या स्टेशनांची हातानं लिहिलेली यादी घाला, एक जागा कोरी ठेवा, आणि खाली अडीच फुटांची एक सुतळी ठेवा. नातू सुतळीकडे बघत बसेल. आजी यादी वाचून होण्याआधीच गाडीच्या गोष्टी सांगायला लागतील, आणि मला वाटतं शोधयात्रेचं निम्मं यश तिथेच पदरात पडतं.

दुसरा शब्द जायफळ. चार सारख्या बाटल्या, नाव कशावरच नाही: सुंठ, वेलदोडा, बडीशेप, जायफळ, सगळ्यांची पूड. सोबत एकच प्रश्न, ‘तुमच्या पुरणात यातलं काय असतं?’ पुरणात वेलदोडा की जायफळ की दोन्ही, हा घराघराचा धर्म असतो. म्हणून उत्तर खरंच एकच निघतंय ना, ते आधी त्या घरच्या स्वयंपाकघरात तपासून घ्यावं. वास हा कोड्यांत फार कमी वापरला जाणारा आणि वयस्क माणसासाठी फार सोयीचा मार्ग आहे, कारण चष्मा लागत नाही. मात्र काही जणांचं वासाचं ज्ञान वयानुसार मंदावतं. हेही आधी बघावं.

तिसरा शब्द चीक. जुन्या वहीतल्यासारखं एक पान, त्यावर दूध, गूळ, वेलदोडा, वाफवायचा वेळ, आणि सगळ्यांत वरच्या ओळीतला पदार्थ फाडलेला. खरवस ओळखला की चीक आलाच. पिशवीतलं दूध पीत वाढलेल्या नातवंडांना इथे आजींशिवाय गत्यंतर नाही.

चौथा शब्द पेण, आणि इथे नातवाला काम द्यायचं. बाराखडीचा तक्ता ही मराठी माणसाला जन्मजात मिळालेली सांकेतिक लिपी आहे: उभ्या ओळीत व्यंजनं, आडव्या ओळीत स्वर, आणि प्रत्येक अक्षराला दोन आकड्यांचा पत्ता. क पहिला धरला तर प एकविसावा येतो, आणि क, का, कि, की, कु, कू, के या क्रमानं ‘ए’ची मात्रा सातव्या घरात. म्हणून ‘पे’ म्हणजे २१–७, आणि ‘ण’ म्हणजे १५–१. चिठ्ठीवर एवढे चार आकडे आणि गणपतीच्या मूर्तीचा एक फोटो पुरे. आजींची बाराखडी बारा घरांची आणि नातवाच्या पुस्तकातली चौदा, तिच्यात ‘कॅ’ आणि ‘कॉ’ शिरलेले. सातव्या घरापर्यंत दोन्ही जुळतात, आठव्यापासून घरं सरकतात. पेण वाचलं. ‘को’ने सुरू होणारं गाव असतं तर दोघांची उत्तरं वेगळी आली असती.

पाचवा शब्द टीप. तो साध्या तोंडी कोड्यात बसतो: पुस्तकात ती पानाच्या तळाशी असते, परकरात घेराच्या कडेनं धावते. शिवणयंत्रावर आयुष्य गेलेल्या बाईला दुसरा अर्धा भाग आधी सुटेल, मास्तरांना पहिला.

आता क्रम. पाचही लिफाफे एकदम हातात दिले तर शब्द मागेपुढे मिळतील, आणि कोणता आधी हे ठरवायला काही तरी हवं. १, २, ३ घालता येतात, पण हजार चंद्रांचा सोहळा चालू असताना ते रटाळ वाटतं. लिफाफ्यांवर एकेक पौर्णिमा लिहावी: वटपौर्णिमा, नारळी, कोजागरी, त्रिपुरी, होळी. ज्येष्ठ, श्रावण, आश्विन, कार्तिक, फाल्गुन असा क्रम आजी झोपेतसुद्धा सांगतील. बार्शी, जायफळ, चीक, पेण, टीप. पहिली अक्षरं वाचायची आहेत हे सुचवायला प्रत्येक उत्तरासाठी चौकोन आखून पहिला चौकोन जाड रेघेचा करावा. एवढी सूचना पुरते. तीन-चार शब्दांवरच कुणी ‘पेटी’ ओरडलं तर चिडू नये. उरलेली अक्षरं तर्कानं भरून पुढे उडी मारणं हे या खेळात कौशल्यच मानतात.

पेटी ठेवलेल्या ट्रंकेला चार आकडी कुलूप लावायचं असेल तर त्याची किल्ली आपल्याच मातीतली आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ मध्ये दाखवलं की, कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमानं लावलेली संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतं आणि पुढे कितीही केलं तरी तेच राहतं. आजींचं जन्मसाल १९४५ घ्या: ९५४१ मधून १४५९ गेले, ८०८२ उरले. ८८२० मधून ०२८८ गेले, ८५३२. आणि ८५३२ मधून २३५८ गेले की ६१७४. तीन फेऱ्या. नातवाचं २०१२ घेतलं तर २२१० वजा ०१२२ म्हणजे २०८८, आणि दुसऱ्या फेरीत तोही ८५३२ वर येऊन आजीला मिळतो. घरातल्या प्रत्येकानं आपापल्या जन्मसालापासून निघावं, वेगवेगळ्या वाटेनं जावं आणि एकाच आकड्यावर पोचावं, असं दुसरं कुलूप मला माहीत नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं आणि कापरेकरांचं नाव जगभर झालं, तोवर आपल्याकडचे बरेच विद्वान त्यांच्या आकड्यांना करमणूक समजत होते.

आमंत्रणाच्या पाकिटावरही एक खोडी करता येते. दक्षिणेत, विशेषतः केरळातल्या ज्योतिषग्रंथांत, अक्षरांत आकडे लपवण्याची कटपयादी नावाची पद्धत होती. क, ट, प, य यांना १, ख, ठ, फ, र यांना २ अशी पुढे किंमत वाढत जाते. सुटे स्वर शून्य. काना-मात्रेला किंमत नाही. आणि आकडा उजवीकडून डावीकडे वाचायचा. कर्नाटक संगीतातल्या मेळकर्त्या रागांच्या नावांत त्यांचे क्रमांक असेच दडले आहेत. मेचकल्याणीत ‘मे’चे ५, ‘च’चे ६, म्हणून तो पासष्टावा. आता ‘आजी’ लिहा. ‘आ’ हा सुटा स्वर, शून्य. ‘ज’चे ८. उलटं वाचा: ८०. ऐंशीव्या वर्षासाठी कुणी मुद्दाम करून ठेवल्यासारखं हे निघतं. आजोबांना ही सोय नाही. ‘ब’चे तीन मध्येच येतात आणि ते ३८० वर्षांचे होतात.

ज्या घरांत मुलं च-ची भाषा बोलतात, तिथे तीही वापरावी. पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. कपाटाचं ‘चपाटक’ होतं. ऐंशी वर्षांच्या बाईनं ती शाळेत असताना बोललेली असते आणि दहा वर्षांच्या नातीला वाटत असतं की ती तिच्या वर्गानंच काढली. मोडी लिपीचा मोहही अनेकांना होतो, कारण ती दिसायला गूढ असते. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून गेली. १९४५ च्या मुलीला ती येण्याचा संभव कमी. ज्या लिपीसाठी आजींना तज्ज्ञाकडे जावं लागेल ती आजींची किल्ली नव्हे.

कोडं रचणाऱ्याला स्वतःचं कोडं नेहमी सोपं वाटतं, आणि त्याचा सगळ्यांत मोठा पुरावा इंग्लंडात पुरलेला होता. किट विल्यम्स या चित्रकारानं १९७९ मध्ये ‘मास्करेड’ हे चित्रांचं पुस्तक काढलं आणि स्वतः घडवलेला एक सोन्याचा ससा कुठे पुरला आहे ते चित्रांत लपवलं. चित्रांतल्या प्राण्यामाणसांच्या डोळ्यांतून सर्वांत लांब बोटांवरून रेघ ओढली की ती चौकटीतल्या अक्षरांवर जायची, आणि त्या अक्षरांतून जागेचा पत्ता निघायचा: बेडफर्डशरमधलं अँप्टहिल पार्क, तिथला कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉनच्या स्मरणार्थ उभारलेला क्रूस, विषुवदिनी दुपारी त्याच्या सावलीचं टोक पडतं ती जागा. रचना अप्रतिम होती. पण रेघा ओढायच्या आहेत हे सांगणारं काही समोर नव्हतं, म्हणून लोकांनी प्रत्येक पानात, प्रत्येक झाडात अर्थ शोधला, आणि देशभर नको तिथे खोदाई झाली. १९८२ मध्ये ससा निघाला. दोन भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी कोडं खरोखर सोडवलं होतं, पण ससा दुसऱ्याच माणसाच्या हाती लागला. त्यानं कोडं सोडवलंच नव्हतं, विल्यम्सच्या जवळच्या वर्तुळातून फुटलेल्या माहितीवर तो तिथे पोचला होता, हे १९८८ मध्ये वर्तमानपत्रानं बाहेर काढलं. घरगुती शोधयात्रेत दोन्ही धोके असतात. उत्तर बरोबर आलं हे सोडवणाऱ्याला उत्तरातूनच कळलं पाहिजे, रचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून नव्हे; आणि पेटी कुठे ठेवली आहे हे सहा वर्षांच्या नातवाला कदापि सांगू नये.

वेगाचं भान ठेवायला आपल्या परंपरेत एक मासलेवाईक कथा आहे. महाभारत लिहून घेताना गणपतीनं अट घातली की लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, आणि मधूनमधून अवघड कूटश्लोक पेरले. गणपती विचार करी तेवढ्यात व्यासांना पुढची रचना करायला फुरसत मिळे. शोधयात्रेतही अवघड कोडं जेवणाआधी आणि सोपं जेवणानंतर, हा क्रम त्याच हिशेबानं लावावा. दहा मिनिटं काहीच हललं नाही तर मदतीची चिठ्ठी पुढे करावी. मदत दोन टप्प्यांत हवी, आधी दिशा, मग जवळजवळ उत्तर. चिठ्ठी मागणाऱ्याला गुण वजा करणारे लोक मला कळत नाहीत. ही वाढदिवसाची संध्याकाळ आहे, स्पर्धा परीक्षा नव्हे.

अक्षर मोठं असावं, निदान वर्तमानपत्राच्या मथळ्याएवढं, काळं, पांढऱ्यावर. क्यूआर कोड आणि मोबाइलवरची कोडी टाळावीत. ती आली की फोन ज्याच्या हातात तोच खेळतो. आजींचं स्मरण मंदावलं असेल तर आठवणींवरची कोडी परीक्षेसारखी टोचतात. अशा वेळी वास, गाणं, कापडाचा स्पर्श यांवर भर द्यावा किंवा हा बेतच सोडावा. घरात नुकतीच कुणाची आठवण दुखरी झाली असेल तर त्या माणसाचं नाव अचानक लिफाफ्यातून निघू नये. कोडी रचणाऱ्या हुशार माणसांकडून या गोष्टी सर्रास सुटतात, कारण त्यांचं सगळं लक्ष आपल्या युक्तीवर असतं.

चाचणी मात्र झालीच पाहिजे. कोडी त्या खेळात नसलेल्या माणसाला द्यायची, काहीही सांगायचं नाही, आणि तो कुठे अडतो ते गप्प राहून बघायचं. इथे पंचाईत अशी, की कोड्यांची किल्ली एकट्या आजींकडे. मग चाचणी कुणावर घ्यायची? उत्तर एकच आहे: बहीण, वहिनी किंवा शाळेतली मैत्रीण. पुरणात जायफळ की वेलदोडा, गाडी सकाळची की दुपारची, भजनात पेटी कोण वाजवायचं, हे बरोबर सांगणारीही तीच. म्हणून तयारी निदान दोन महिने आधी सुरू करा आणि पहिला फोन आजींच्या बहिणीला लावा. तो पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. बहीणही ऐंशीच्याच आसपासची आहे.